आप्पांच्या डोक्याला दोन मिलीअँप

बरेच महिने इथं काही लिहिलं नाही. उन्हाळ्यात बोअरच्या मोटरी जळून यायचा सीझन असतो, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि पाऊस लागला तसं घरात आप्पांचं प्रकरण सुरू झालं. खाली लिहितोय ते त्याच प्रकरणाबद्दल. आप्पांना विचारून लिहितोय, म्हणजे मी विचारलं "लिहू काय तुमच्याबद्दल?" तर म्हणाले, "लिही की. कोण वाचतंय तुझं."

आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७६. घर बेळगावच्या वडगावात, खालच्या सोप्यात चार यंत्रमाग होते, सकाळी सहाला सुरू झाले की रात्री नवापर्यंत खडाक-खडाक, मधे करंट गेला तरच शांतता, आणि लहानपणी ती शांतता झाली की आम्ही पोरं झोपेतून दचकून उठायचो, आवाज असला की झोप. चाळीस वर्षं आप्पा त्या आवाजात उभे होते. मी त्या धंद्यात राहिलो नाही, आयटीआय करून उद्यमबागेत मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. म्हणजे बापाचं पोट करंटवर आणि लेकाचंही करंटवरच.

तर गेल्या वर्षभरात आप्पा विसरायला लागले. भाजीला गेले की चारातली एकच वस्तू आणायची, तीपण कोथिंबीर. पुतणीचं लग्न ठरलंय हे त्यांना तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते नव्यानं खूश झाले, ते बघून आधी हसू आलं आणि मग नाही आलं. शनिवारचं भजन सोडलं. विचारलं तर "जमत न्हाई आता" एवढंच. गप्प बसून राहायचे, आपण काही बोललं की "हां हां" म्हणायचे आणि पाच मिनिटांनी कळायचं की डोक्यात काहीच गेलेलं नाही. आई म्हणायची वय झालंय, बायको म्हणायची डॉक्टरला दाखवा, आणि मी दोघींना "बघू की" म्हणत होतो.

गणपतीला भाचा बेंगळूरहून आला. आयटीत आहे. बॅगेतनं मैसूरपाक काढला, त्याच्यामागं एक पांढरा डबा काढला, छोट्या साबणाच्या पेटीएवढा. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन स्पंज आणि एक इलास्टिकचा पट्टा. "मामा, आज्जांसाठी आणलाय. मेंदूला करंट द्यायचं मशीन हाय. रोज वीस मिनिटं कपाळाला लावायचं, मेमरी वाढती, अमेरिकेत प्रूव्ह झालंय." किंमत विचारली तर तेरा हजार. ऑनलाइन मागवलेला.

स्वयंपाकघरातनं आई तडक बाहेर आली. तिच्या कानावर फक्त "करंट" आणि "डोकं" पडलं होतं आणि तिच्या डोळ्यापुढं वेड्याच्या दवाखान्यातला शॉक. "म्हाताऱ्याला मारालाय काय तुम्ही?"

आईचं चूक नव्हतं, खूप जणांचा इथंच घोटाळा होतो, म्हणून आधी हे सांगतो. शॉक ट्रीटमेंट म्हणतात ती ईसीटी, १९३८ ला रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोघा डॉक्टरांनी सुरू केली. त्यात मुद्दाम मेंदूत फिट आणतात, करंट ८००-९०० मिलीअँपच्या घरात असतो, आणि आजकाल भूल देऊनच करतात, भारी डिप्रेशनला ती अजूनही उपयोगी आहे. भाच्याचा डबा ज्या प्रकारातला आहे त्याला टीडीसीएस म्हणतात, म्हणजे कवटी न उघडता, वरनंच, डीसी करंट द्यायचा. तो एक ते दोन मिलीअँप. दोन मिलीअँप म्हणजे एका अँपियरचा पाचशेवा भाग. माझ्या दुकानात पॅनेलवरचा इंडिकेटर एलईडी पेटायला दहा-वीस मिलीअँप खातो, आणि पाच एचपीची थ्री फेज मोटर सात-आठ अँपियर. आईला मी एवढंच सांगितलं की हे मुंगी चावल्यागत असतंय. ती म्हणाली मुंगी तरी कशाला चावून घ्यायची, आणि आत गेली.

आप्पा सगळं बघत होते. भाच्यानं पट्टा त्यांच्या डोक्याजवळ नेला तसं म्हणाले, "काय गा, मोटरीगत मला वायंडिंग करालाईस काय?"

मी म्हटलं थांब, आधी मी बघतो. मला सवय आहे, कुठलंही मशीन घरात आलं की उघडायचं. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन चार स्क्रू काढले. आत काय, तर एक नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक टायमर, एक बटण, एक हिरवी लाइट आणि ३.९ किलोओहमचा एक रेझिस्टर. संपलं. तेरा हजार. मी सुटे पार्ट मोजले तर चहापाण्यासकट तीनशेच्या आत बसतात.

पण पैसे जाऊ देत, खरी गडबड वेगळी होती. हे काम नीट करणारं मशीन कॉन्स्टंट करंट असतं, म्हणजे कातडीचा रेझिस्टन्स कमी-जास्त झाला तरी ते व्होल्टेज स्वतः वर-खाली करून करंट तेवढाच ठेवतं. कातडी कोरडी असली की रेझिस्टन्स जास्त, मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज लावला की कमी, घाम आला की अजून वेगळा, आणि स्पंज सुकत गेला की परत वाढतो. मी डोक्याच्या जागी एक किलोओहमचा रेझिस्टर लावला तर मल्टिमीटर १.८ मिलीअँप दाखवायला लागला. दहा किलोओहम लावला तर ०.६५. म्हणजे डब्यावर छापलंय दोन आणि डोक्यात जाणार नशिबात असेल तेवढा. वर बटण दाबलं की करंट एकदम चालू. चांगल्या मशीनमध्ये तो अर्धा मिनिट हळूहळू चढवतात आणि हळूहळू उतरवतात, नाहीतर डोळ्यांपुढं वीज चमकल्यागत होतं, कारण डोळ्याचा पडदा करंटला लई नाजूक. आणि डीसी असल्यामुळं, बॅटरीच्या टर्मिनलवर जसं पांढरं-हिरवं काहीतरी धरतं तसं, स्पंजखाली एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला अल्कली तयार होत राहतं. स्पंज सुकला, एका कोपऱ्यातच टेकला, की सगळा करंट त्या टिकलीएवढ्या जागेतनं जाणार आणि कातडी भाजणार. ७६ वर्षांच्या माणसाच्या पातळ कातडीला.

भाच्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मशीन बोगस असंल, पण सायन्स बोगस न्हाई." हे वाक्य मला लागलं. कारण खरंच, मी फक्त डबा उघडला होता, विषय नाही. मग त्यानं लिंका पाठवल्या आणि मी रात्री जेवण झाल्यावर वाचत बसायला लागलो, इंग्रजी वाचताना दमछाक होते पण करंट, फ्रिक्वेन्सी, इलेक्ट्रोड हे आपलेच शब्द, त्यामुळं ओळखीच्या गावात फिरल्यागत वाटलं.

तर विषय असा आहे. डोक्याला करंट लावायची खोड माणसाला जुनीच, रोमन लोकांच्या काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य डोकेदुखीवर करंट मारणारा जिवंत मासा कपाळाला लावायला सांगायचा. आजच्या पद्धतीची सुरुवात धरायची तर २००० साल, जर्मनीतलं ग्योटिंगेन, नित्शे आणि पाउलुस हे दोघं शास्त्रज्ञ. त्यांनी हात हलवणाऱ्या मेंदूच्या भागावर एक मिलीअँप दिला आणि दाखवलं की त्या भागाची उत्तेजना बदलते, प्लस बाजूला वाढते आणि मायनस बाजूला कमी होते. पुढच्या वर्षी त्यांनी हेपण दाखवलं की तेरा मिनिटं दिला तर परिणाम करंट बंद केल्यावर दीड तासापर्यंत टिकू शकतो. हे लोकांना लई भारी वाटलं, कारण मशीन बंद आणि परिणाम चालू.

आता यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सांगतो, कारण जाहिरातीत हेच गाळलेलं असतं. हा करंट मेंदूतली पेशी पेटवत नाही. पेशी बसलेली असते साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर आणि पेटायला तिला उणे ५५ च्या आसपास यावं लागतं, म्हणजे पंधराचा चढ. वरनं दिलेले दोन मिलीअँप तिला त्या चढावर एक मिलिव्होल्टसुद्धा नेत नाहीत. मग उपयोग काय? जी पेशी आधीच काहीतरी काम करत असते, चढाच्या टोकाला आलेली असते, तिला तेवढा टेकू पुरतो. रिकामी बसलेली पेशी रिकामीच बसते. म्हणून चांगले प्रयोग आहेत त्यात म्हातारी माणसं करंट लावून टीव्ही बघत बसत नाहीत, त्याच वेळी त्यांच्याकडनं लक्षात ठेवायची, मोजायची, लक्ष द्यायची कामं करून घेतात, आठवड्यांनी आठवडे.

हे मी आप्पांना मोठ्यानं सांगत होतो, रात्री, गच्चीवर. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे, पण शेवटी म्हणाले, "मागाला करंट आला म्हणून लुगडं पडतंय व्हय? बीमवर सूत नसलं, कांडी भरलेली नसली तर नुसता धोटा हिकडनं तिकडं." मी गप्पच झालो. आठवडाभर वाचून मला जे कळलं ते यांनी एका लुगड्यात गुंडाळून ठेवलं.

मग टीएसीएस. यात डीसीच्या जागी एसी. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांच्या आपापल्या लयी असतात, हळू लय थीटा, जलद लय गॅमा, आणि लक्षात ठेवायचं काम करताना ह्या लयी एकमेकीत जुळाव्या लागतात. वय वाढलं की जुळणं ढिलं पडतं, भजनात पखवाज एकीकडं आणि टाळ एकीकडं गेल्यागत. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या राइनहार्ट आणि न्गुयेन यांनी २०१९ मध्ये ६० ते ७६ वर्षांच्या ४२ लोकांवर प्रयोग केला. २५ मिनिटं करंट, प्रत्येकाच्या लयीला जुळवून. तेवढ्या वेळात त्या लोकांची कामापुरती लक्षात ठेवायची ताकद विशीतल्या पोरांच्या बरोबरीला आली, आणि प्रयोग संपेपर्यंत म्हणजे पुढची ५० मिनिटं टिकली. हेच भाच्याचं "अमेरिकेत प्रूव्ह".

२०२२ मध्ये त्याच गटानं पुढचा प्रयोग केला, ६५ ते ८८ वयाची १५० माणसं, रोज २० मिनिटं, सलग चार दिवस. वीस शब्दांची यादी ऐकवायची आणि मग आठवायला सांगायची. गंमत अशी की यादीतले शेवटचे शब्द आपण तात्पुरत्या खिशात ठेवलेले असतात आणि सुरुवातीचे आतल्या ट्रंकेत गेलेले असतात. मेंदूच्या मागच्या-बाजूच्या भागाला ४ हर्ट्झ दिला तर शेवटचे शब्द जास्त आठवायला लागले, पुढच्या भागाला ६० हर्ट्झ दिला तर सुरुवातीचे. आणि महिन्यानंतर तपासलं तरी फरक होता. (आमच्यासारख्याला लगेच खटकतं, ६० हर्ट्झ ही अमेरिकेच्या घरातल्या लाइनीची फ्रिक्वेन्सी, आपली ५०. त्याचा इथं संबंध नाही, ती मेंदूची गॅमा लय म्हणून घेतलेली. पण कुणी अतिशहाणा ट्रान्सफॉर्मर घेऊन बसायला नको म्हणून सांगितलं. लाइनीचा करंट डोक्याजवळ न्यायचा नाही. कुठलाच.)

वाचून मला खरंच भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन रात्री मी असापण विचार केला की डबा बोगस आहे तर चांगला आपण बनवू, कॉन्स्टंट करंटचं सर्किट काही रॉकेट नाही, हळू चढणं-उतरणं पण टाकता येतं. बायकोला बोललोसुद्धा. तिनं नुसतं बघितलं.

पण मग दुसरी बाजूपण वाचली. डोक्यावर लावलेल्या करंटातला बहुतेक भाग मेंदूपर्यंत पोचतच नाही, कातडीतनंच इकडनं तिकडं पळून जातो आणि कवटी अडवते. २०१८ च्या एका अभ्यासात, बुझाकी आणि त्यांच्या सोबत्यांचा, मृतदेहांवर मोजून दाखवलंय की जवळजवळ तीन चतुर्थांश वाटेतच जातो. आणि म्हाताऱ्या माणसात अजून एक भानगड. वयानं मेंदू थोडा आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या जागेत पाणी वाढतं, ते पाणी म्हणजे करंटला एकदम गुळगुळीत हायवे, त्यामुळं करंट मेंदूत शिरायच्या आधीच बायपासनं निघून जातो. मग एकाला दोन मिलीअँप लागू पडतो आणि दुसऱ्याला त्याच जागेवर तेवढाच देऊन काही होत नाही. म्हणून आता स्कॅन बघून, कॉम्प्युटरवर त्या माणसाच्या डोक्याचं मॉडेल करून, मग कुठं किती द्यायचा ते ठरवायचं चाललंय. मोटर न उघडता, किती वेढे आहेत न मोजता, बाहेरनंच "याला अठरा गेजची वायर घाला" म्हणणारा कारागीर मी दुकानात ठेवणार नाही, आणि इथं आपण आप्पांच्या डोक्याचं बोलतोय.

अजून एक गोष्ट म्हणजे खोटा करंट. प्रयोगात अर्ध्या लोकांना सुरुवातीला अर्धा मिनिट खराच करंट देतात, खाज सुटते, चुरचुरतं, मग गुपचूप बंद करतात. खाज तशीही थोड्या वेळात सवयीची होते, त्यामुळं आपल्याला खरा मिळाला की खोटा हे बहुतेकांना ओळखता येत नाही. आणि खोटा मिळालेल्या लोकांचेपण मार्क वाढतात बरं का! कारण रोज कुणीतरी विचारपूस करतं, कोडी घालतं, लक्ष देतं. खऱ्याचा फायदा मोजायचा तो याच्या वरचा. तो कधी दिसतो, कधी दिसत नाही, सगळं धरून बघितलं तर म्हाताऱ्या माणसांवरचे निकाल मिश्र आहेत.

धोक्याचं म्हणाल तर दवाखान्यात, नीट मशीनवर, प्रकार बराच सुरक्षित आहे. २०१६ पर्यंतच्या ३३ हजारांवर सेशनचा आढावा आहे, त्यात कुणाला कायमची इजा झालेली आढळली नाही, खाज, लाली, डोकेदुखी एवढंच. पण त्याच २०१६ मध्ये ह्याच विषयात आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनी घरी करंट लावून घेणाऱ्यांना उघड पत्र लिहिलं. मशीन भाजेल हे त्यांचं मुख्य दुखणं नव्हतंच. त्यांचं म्हणणं असं की करंट नुसता स्पंजखाली जात नाही, आजूबाजूलापण पसरतो, एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडू शकते, करंट चालू असताना तुम्ही काय करताय त्यावर परिणाम बदलतो, आणि झालेला बदल किती टिकेल सांगता येत नाही. हे वाचल्यावर माझं सर्किट कागदावरच राहिलं. त्या कागदावर बायकोनं दुधाचा हिशेब लिहिलाय.

दवाखान्यात आम्ही शेवटी गेलो ते दसऱ्यानंतर. आधी एका ठिकाणी गेलो, नाव घेत नाही. तिथं एका पोरीनं आप्पांची स्मरणशक्तीची टेस्ट घेतली, तीस मार्कांची, १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली, आता जगभर चालते. टेस्ट होती कन्नडमध्ये. आता आप्पांना कन्नड येतं, म्हणजे बाजारातलं, सूतवाल्याशी भांडायपुरतं, त्यात ते कुणाला हार जाणार नाहीत. पण शाळा मराठी. कागदावर लिहिलेलं कन्नड वाक्य वाचा आणि तसं करा म्हटल्यावर त्यांनी कागद उलटासुलटा करून परत दिला. पुस्तकी कन्नडातलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवा म्हटलं, ते गेलं. तीन शब्द लक्षात ठेवा म्हटलं ते ऐकूच आले नाहीत. तीसपैकी सतरा. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "नापास झालो न्हवं?" ७६ व्या वर्षी. मला कुणावर चिडावं कळेना, ती पोरगी बिचारी गोड बोलत होती, तिच्याकडं मराठी कागदच नव्हता. पण आपल्या भागात हे सगळीकडं असं आहे, निपाणी, खानापूर, कुठंही जा, म्हातारं माणूस एका भाषेत शिकलेलं असतं आणि तपासणी दुसऱ्या भाषेत, आणि त्या मार्कावर घरात ठरतं की याचं डोकं गेलं.

मग दुसरे न्यूरॉलॉजिस्ट. कानडी माणूस, मराठी एकदम वळणदार. त्यांनी सतरा मार्काचा कागद बघितला, बाजूला ठेवला, कपाटातनं मराठी कागद काढला आणि उठून आप्पांच्या उजव्या कानाजवळ खुर्ची घेऊन बसले. मोठ्यानं, सावकाश. साल, महिना, वार बरोबर, तारीख एका दिवसानं चुकली, ती मलाही माहीत नव्हती. मग त्या टेस्टमध्ये एक प्रश्न असतो, आपण कुठल्या राज्यात आहोत.

आप्पा म्हणाले, "कवाचं सांगू?"

डॉक्टर थांबले. आप्पा म्हणाले, "जन्मलो तवा मुंबई राज्य हुतं. शाळंत पाटी धरली तवर म्हैसूर झालं. लग्नाच्या टायमाला कर्नाटक. मी हितनं उठून कुठं गेलो न्हाई."

"अज्जा, आत्ता कुठलं ते सांगा की."

"आत्ताचं कोर्टात हाय."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकून हसले, कंपाउंडर हसला, मी हसलो, आणि डॉक्टरांनी त्या प्रश्नाला पूर्ण मार्क दिले. (बाहेरच्या वाचकांसाठी, आप्पांचा हिशेब चोख आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं, आईआप्पांचं लग्न ७४ चं, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. यापुढं सीमाप्रश्न ह्या पोस्टमध्ये आणत नाही, कमेंटमध्येपण आणू नका.) शंभरातनं सात-सात वजा करायला सांगितलं, पाच वेळा करायचं असतं, ९३, ८६, ७९, ७२, ६५. आप्पा थांबेचनात, थेट दोनपर्यंत गेले. सुताचा हिशेब केलेला माणूस. एकूण चोवीस आले. थोड्या वेळापूर्वीचे तीन शब्द विचारले त्यातला मात्र एकच आठवला. म्हणजे काहीच नाही असं नाही, विसरणं आहे, पण सतरा नाही.

मी तो पांढरा डबा सोबत नेला होता. लाजत-लाजत टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी बघून घेतला, हसले नाहीत. म्हणाले विषय खरा आहे, आपल्या राज्यातच निमहान्समध्ये, म्हणजे बेंगळूरच्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात, टीडीसीएसवर बरीच वर्षं काम चाललंय, पण तिथं जास्त करून स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात त्याच्यावर. म्हाताऱ्या माणसाच्या विसराळूपणाला रोजच्या ओपीडीत द्यावं एवढा पुरावा अजून जमलेला नाही, कधी संशोधनात माणसं घेत असतील तर तिथं जाणं वेगळं, तिथं आधी तपासून, सही घेऊन, लक्ष ठेवून करतात. मग म्हणाले, "सर, तुम्ही मोटरवाले न्हवं? मोटर पळेना म्हणून आली तर पहिल्यांदा काय बघता?" मी म्हटलं सप्लाय बघतो, फेज येतात काय बघतो. "मग अज्जांचा सप्लाय बघू या की आधी."

सप्लाय बघितला. बी-१२ जीवनसत्त्व कमी, आप्पा माळकरी, मटण-मासळीचा प्रश्नच नाही, त्यामुळं आश्चर्य नव्हतं. रोज रात्री सर्दीची म्हणून मेडिकलातनं आणलेली एक गोळी घेत होते, सहा-सात वर्षं, कुणी लिहूनपण दिलेली नाही, ती बंद करायला लावली, कारण त्या जुन्या जातीच्या सर्दीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड करतात, लक्षात राहणं बिघडवतात. आणि कान. कानाचा ग्राफ काढला तर दोन्ही बाजूंना ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. मागाच्या आवाजाचा शिक्का तो. यंत्रमागाचा आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि चार माग एका सोप्यात, आणि कानात कधी कापसाचा बोळापण नाही, उलट धागा तुटला की आवाजावरनं कळतं म्हणून कान उघडेच ठेवायचे. त्या पट्टीतले आवाज गेले की माणूस बहिरा होत नाही, त्याला कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण स, श, त, फ गळून पडतात, शब्द अर्धे पोचतात. मग तो "हां हां" म्हणतो. जे आत पोचलंच नाही ते विसरायचं कसं?

आणि भजन. मी घरी येताना गाडीवर मागं वळून विचारलं, भजन का सोडलं खरं सांगा. म्हणाले, "बुवा काय म्हणालाय कळत न्हाई, मी पुढंच जातोय. पोरं हसत्यात." हे त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ मध्ये डिमेन्शियाला, म्हणजे स्मरणशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराला, हातभार लावणारी आणि टाळता येण्यासारखी चौदा कारणं सांगितलीत, सगळी मिळून ४५ टक्के प्रकरणांशी त्यांचा संबंध, आणि त्यात सगळ्यात मोठ्या दोन वाट्यांपैकी एक कानाचा. म्हणून कानाचं मशीन लावलं की डोकं चालायला लागतं असंपण नाही हं. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं बघितलं, २०२३ ला निकाल आला, सगळ्यांचा मिळून काही फरक नव्हता, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी हळू झाली. आप्पा कुठल्या गटात बसतात मला सांगता येत नाही. बीपी आहे, शिक्षण सातवी, बसत असतील दुसऱ्यात.

कानाचं मशीन घेतलं. आप्पांनी पहिल्या दिवशी घातलं आणि भांड्यांच्या आवाजानं वैतागून काढून पानाच्या चंचीत ठेवलं. तीन आठवडे ते मशीन जास्तीत जास्त वेळ चंचीतच होतं, एकदा चुना लागला. आता सकाळचे दोन-तीन तास आणि शनिवारी भजनाला घालतात. भजन परत सुरू झालंय. विसरणं आहे. परवा परत कोथिंबीर आणली, पण सोबत मिरची आणि लिंबूपण होते. यातलं किती कानानं, किती बी-१२ च्या इंजेक्शनानं आणि किती ती रात्रीची गोळी बंद झाल्यानं, मला कळायला मार्ग नाही, तिन्ही एकदमच केलं, प्रयोग म्हणून बघितलं तर आमचा प्रयोग एकदम भिकार. डॉक्टरांनी वर्षानं परत टेस्टला बोलावलंय. मराठी कागद काढून ठेवा म्हणून मी आत्ताच सांगून आलोय.

भाचा दिवाळीला आला तेव्हा डबा परत नेतोस काय विचारलं, तर रिटर्नची तारीख संपली होती. मग तो दुकानातच राहिला. गेल्या आठवड्यात माझ्या मल्टिमीटरची बॅटरी गेली, त्यालापण नऊ व्होल्टचीच लागते. डबा उघडला आणि काढून घातली.